यंत्रानेच विचारावे: शहापूर-मुरबाडच्या सर्व्हरचे स्वयंचलन

ठाणे जिल्ह्याच्या एका टोकाला ऐरोली-महापेचा पट्टा आहे. तिथल्या डेटा सेंटरांमध्ये हजारो सर्व्हर रात्रंदिवस चालतात आणि त्यातल्या बहुतेकांना माणसाचा हात क्वचितच लागतो. नवे यंत्र बसवले की त्यावर लिनक्स चढते, वापरकर्त्यांची खाती तयार होतात, फायरवॉल लागते, सुरक्षेच्या सुधारणा उतरतात. हे सगळे सॉफ्टवेअर करते. माणूस काय हवे ते एकदा लिहून ठेवतो. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, डोळखांब, किन्हवली, टोकावडे, धसईच्या बाजूला, शाळेच्या कपाटात किंवा ग्रामपंचायतीच्या टेबलाखाली एखादेच यंत्र असते. ते बसवणारा कल्याणहून किंवा ठाण्याहून आलेला असतो आणि त्याने काय काय केले ते त्याच्याच डोक्यात राहते. तो पुन्हा आला नाही, की बिघडलेले यंत्र बिघडलेलेच राहते.

पहिल्या टोकाला वापरले जाणारे सर्व्हर स्वयंचलनाचे सॉफ्टवेअर दुसऱ्या टोकाला उपयोगी पडेल का, पडणार असेल तर कोणते, आणि ते लिनक्सवर बसवायचे कसे, हा या लेखाचा प्रश्न आहे. उपयोगी पडेल, असे माझे स्पष्ट मत आहे. उलट जिथे जाणकार माणूस रोज हजर नसतो, तिथेच त्याची गरज जास्त आहे. मात्र ऐरोलीची पद्धत जशीच्या तशी उचलून शहापूरला लावली तर ती पहिल्याच पावसाळ्यात कोलमडेल. कारणे तंत्रज्ञानाच्या पुस्तकात सापडत नाहीत. ती वीज, रेंज आणि रस्त्यात आहेत.

आधी या भागाचा अनुभव पाहू, कारण तो कमी नाही. शहापूर तालुक्यातील पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक संदीप गुंड यांनी कमी खर्चात डिजिटल वर्ग उभा केला आणि ‘पष्टेपाडा पॅटर्न’ हे नाव राज्यभर गेले. ‘तंत्रस्नेही शिक्षक’ अशी एक ओळखच त्या काळात महाराष्ट्रात तयार झाली. मुरबाड तालुक्यातील धसई १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले; किराणा दुकानापासून वडापावच्या गाडीपर्यंत स्वाइप मशीन पोहोचली. पुढे तिथला रोखीचा व्यवहार पुन्हा वाढला. या दोन्ही प्रयत्नांत उत्साहाची कमतरता नव्हती. पण यंत्र पोहोचवणे आणि ते दहा वर्षे चालते ठेवणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि दुसऱ्या कामासाठी पैसा, माणूस किंवा पद्धत यांपैकी काहीच कुणी आखलेले नसते. केंद्राची शाळांसाठीची संगणक योजना २००४ साली आली. त्यातून अनेक ठिकाणी कंत्राटदाराने पाच वर्षांच्या कराराने प्रयोगशाळा उभारल्या. करार संपला की देखभालही संपली. खोली, टेबले, यंत्रे सगळे जागेवर असूनही चालू काहीच नाही, अशा प्रयोगशाळा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हा प्रश्न वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

मुरबाडच्या दक्षिणेला लागून असलेल्या कर्जत तालुक्यात याच प्रश्नाचा एक फार महत्त्वाचा धागा आहे. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या जागतिक प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग २००७ साली तिथल्या खैरात धनगरवाड्याच्या छोट्या शाळेत झाला. मुलांच्या हाती हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. ते लिनक्सवर चालत. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या मंडळींनी पुढे या लॅपटॉपच्या सॉफ्टवेअरवर काम केले. लॅपटॉपचे फोटो सगळीकडे छापून आले, पण त्या प्रकल्पाचा दुसरा अर्धा भाग फारसा कुणी पाहिला नाही. तो होता शाळेचा सर्व्हर. इंटरनेट नसलेल्या शाळेत पुस्तके, धडे आणि मुलांच्या कामाची प्रत ठेवणारे एक लिनक्स यंत्र. ते बसवायला जाणकार लागे, आणि प्रत्येक देशातला जाणकार ते आपल्या पद्धतीने बसवत असे. प्रकल्पाचा जोर ओसरल्यावर जगभरच्या स्वयंसेवकांनी तो सर्व्हर हाती घेतला. त्यांनी बसवण्याची पद्धत सुधारली. हाताने आज्ञा टंकण्याऐवजी त्यांनी अ‍ॅन्सिबल हे स्वयंचलनाचे सॉफ्टवेअर वापरून सगळी मांडणी फायलींत लिहून काढली. त्याच कामाचा आजचा वारस म्हणजे ‘इंटरनेट-इन-अ-बॉक्स’. म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या डेटा सेंटरसाठी घडलेले हत्यार खेड्यातल्या शाळेसाठी वापरायचा विचार नवा नाही. तो दहा वर्षांहून अधिक काळ प्रत्यक्ष चालू आहे, आणि त्याच्या मुळाशी असलेला एक प्रयोग आपल्या शेजारच्या तालुक्यात झाला होता.

या हत्यारांचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९९३ साली ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी सीएफइंजिन लिहिले. वेगवेगळ्या प्रकारच्या यंत्रांची देखभाल एकाच पद्धतीने करता यावी, ही त्यांची निकड होती. २००५ साली ल्यूक केनीज यांचे पपेट आले, २००९ साली शेफ, २०११ साली थॉमस हॅच यांचे सॉल्ट आणि २०१२ साली मायकेल डीहान यांचे अ‍ॅन्सिबल. सगळ्यांची मूळ कल्पना एकच आहे. यंत्राला ‘हे कर, मग ते कर’ असे सांगायचे नाही. ‘तुझी अवस्था अशी असली पाहिजे’ असे लिहून द्यायचे. सॉफ्टवेअर आजची अवस्था तपासते आणि जेवढा फरक असेल तेवढाच दुरुस्त करते. त्यामुळे तीच फाईल दहा वेळा चालवली तरी दहा वेळा नवे काही घडत नाही. दहावीच्या मुलाने चुकून एखादी सेवा बंद केली, तर पुढच्या फेरीत ती पुन्हा सुरू होते. गावातल्या यंत्रासाठी यापेक्षा मोलाचा गुण नाही. यंत्र जळाले तरी त्याची मांडणी जळत नाही. नव्या यंत्रावर त्याच फायली चालवल्या की दुपारपर्यंत शाळा पूर्ववत.

या हत्यारांचे दोन स्वभाव आहेत आणि निवड तिथेच होते. एका पद्धतीत मध्यवर्ती यंत्र बाकीच्यांपर्यंत पोहोचते आणि बदल त्यांच्यावर ढकलते. अ‍ॅन्सिबल सामान्यतः असेच वापरतात: ठाण्यातल्या लॅपटॉपवरून आज्ञा सुटते, एसएसएच या सुरक्षित जोडणीने दूरच्या यंत्रात शिरते, काम करते, बाहेर येते. दूरच्या यंत्रावर पायथन आणि एसएसएच एवढेच लागते. सोय मोठी आहे, म्हणूनच ते सर्वांत लोकप्रिय झाले. दुसऱ्या पद्धतीत दूरचे यंत्र स्वतःहून विचारते: माझ्यासाठी काही नवे आहे का? पपेट आणि शेफ मुळात असे चालतात. पपेटचा दूरच्या यंत्रावर बसलेला प्रतिनिधी दर ३० मिनिटांनी विचारणा करतो, सीएफइंजिन तर दर ५ मिनिटांनी स्वतःला तपासते.

शहापूर-मुरबाडमध्ये पहिली पद्धत का चालत नाही ते पाहा. टोकावड्याच्या पुढे माळशेजच्या बाजूला किंवा डोळखांबच्या आतल्या पाड्यांवर इंटरनेट म्हणजे बहुतेक वेळा मोबाइलचे डोंगल किंवा सिमचा राउटर. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना २०११ साली मंजूर झाली आणि २०१५ पासून ती भारतनेट म्हणून ओळखली जाते. पण पंचायतीच्या कार्यालयात आलेली तार पाड्यावरच्या शाळेपर्यंत जातेच असे नाही. आणि मोबाइल कंपन्या आयपीव्ही-४ पद्धतीचा एकच सार्वजनिक पत्ता असंख्य ग्राहकांत वाटून देतात. परिणाम असा, की शाळेतले यंत्र बाहेरच्या जगाला विचारू शकते, पण बाहेरचे जग त्या यंत्राचे दार वाजवू शकत नाही. ठाण्याहून कितीही अचूक आज्ञा सोडली तरी तिला पोहोचायला पत्ताच नाही. यावर वायरगार्डसारख्या सॉफ्टवेअरने सुरक्षित बोगदा काढता येतो. वायरगार्ड मार्च २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. पण बोगदा टिकवायचे आणखी एक काम अंगावर येते.

पत्त्याचा प्रश्न सुटला तरी विजेचा राहतो. ठाण्यातला माणूस सकाळी अकराला आज्ञा सोडतो. त्या वेळी किन्हवलीच्या शाळेत लाइट गेलेली असते, खर्डीच्या शाळेला सुट्टी असते, तिसरीकडे मुख्याध्यापकांनी जाताना मेन स्विच बंद केलेला असतो. अ‍ॅन्सिबल दहा सेकंद वाट पाहते, ‘पोहोचता आले नाही’ असे नोंदवते आणि पुढे जाते. वीस शाळांपैकी सात झाल्या, तेरा राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्या तेरांपैकी चार मिळतात. आठवड्याभरात प्रत्येक यंत्राची अवस्था निराळी होते, आणि ज्या गोंधळातून सुटायला हे सॉफ्टवेअर आणले तोच गोंधळ आता जास्त वेगाने तयार होतो. महावितरणच्या वाहिन्या जंगलातून जातात, जून ते सप्टेंबर झाडे पडतात, रोहित्र जळते. हे इथले नेहमीचे वास्तव आहे. त्याला अपवाद मानून कोणतीही व्यवस्था आखता येणार नाही.

म्हणून या भागासाठी दुसरी पद्धतच योग्य. यंत्र जेव्हा जागे असेल आणि रेंज जेव्हा असेल, तेव्हा त्यानेच विचारावे. सुदैवाने त्यासाठी अ‍ॅन्सिबल सोडावे लागत नाही. त्याच्यासोबतच ‘अ‍ॅन्सिबल-पुल’ नावाचा कार्यक्रम येतो. तो गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या पद्धतीने ठेवलेल्या मध्यवर्ती संचातून फायली ओढून आणतो आणि त्या स्वतःवरच चालवतो. गिट पहिल्यांदा सगळे आणते, नंतर फक्त बदल. म्हणून रोजच्या विचारणीला काही किलोबाइट पुरतात. काही बदललेच नसेल तर काहीच करू नकोस, असेही सांगता येते. टूजीवर उतरलेल्या रेंजमध्येही हे निभावते.

ते ठरावीक वेळी चालवायला बहुतेक मार्गदर्शिका क्रॉन वापरायला सांगतात. इथे ते करू नये. क्रॉनला पहाटे दोनची वेळ दिली आणि तेव्हा यंत्र बंद असले, तर ती फेरी बुडाली. लिनक्सच्या सिस्टमडी व्यवस्थेतल्या टायमरला ‘पर्सिस्टंट’ हा पर्याय दिला, की बुडालेली फेरी यंत्र सुरू होताच चालते. एका ओळीचा हा फरक आहे, पण मुरबाडसारख्या ठिकाणी तोच सगळ्यात मोठा फरक. सोबत थोडा यादृच्छिक उशीरही द्यावा, म्हणजे लाइट येताच तालुक्यातली सगळी यंत्रे एकाच क्षणी एकाच टॉवरवर तुटून पडत नाहीत.

घड्याळाचाही एक प्रश्न आहे, आणि त्याकडे जवळपास कुणाचे लक्ष जात नाही. स्वस्त आणि कमी विजेवर चालणारे म्हणून अनेक जण शाळेसाठी रास्पबेरी पाय निवडतात. निवड चांगली आहे. पण २०२३ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीच्या आधीच्या कोणत्याही रास्पबेरी पायवर स्वतःचे घड्याळ नाही. वीज गेली की वेळ थांबते; इंटरनेट मिळाल्यावर ती दुरुस्त होते. शनिवारी बंद झालेले यंत्र सोमवारी सुरू झाले आणि रेंज नसली, तर ते अजून शनिवारातच असते. मग सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रे ‘अजून वैध नाहीत’ म्हणून नाकारली जातात, पॅकेजांच्या याद्या नाकारल्या जातात, आणि दोष मात्र सॉफ्टवेअरवर येतो. पपेटसारखी प्रमाणपत्रांवर उभी असलेली व्यवस्था अशा वेळी पूर्ण अडते. उपाय स्वस्त आहे: डीएस-३२३१ ही बॅटरीवाल्या घड्याळाची लहानशी चकती लावावी. पाचव्या आवृत्तीत घड्याळ आहे, पण त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते. आणि मेमरी कार्डाऐवजी एसएसडी वापरावी. अचानक गेलेल्या विजेने मेमरी कार्ड खराब होणे हे शाळांतल्या यंत्रांच्या मृत्यूचे नेहमीचे कारण आहे.

आता प्रत्यक्ष बसवण्याकडे वळू. लिनक्सची आवृत्ती निवडताना टिकाऊपणा एवढा एकच निकष पुरे. सेंटओएसवर विश्वास ठेवून अनेक संस्थांनी आपली व्यवस्था उभारली होती. त्याच्या आठव्या आवृत्तीचा पाठिंबा २०२१ अखेर थांबला, सातव्याचा ३० जून २०२४ रोजी. डेबियन किंवा उबुंटूची दीर्घ पाठिंब्याची आवृत्ती घ्यावी, उबुंटू २४.०४ ला २०२९ पर्यंत नेहमीच्या सुरक्षा सुधारणा मिळतात. सी-डॅकचे बॉस लिनक्स डेबियनवरच उभे आहे आणि भारतीय भाषांची सोय त्यात आधीपासून असते, म्हणून मुलांच्या बसायच्या संगणकांसाठी ते विचारात घेण्याजोगे आहे. सर्व्हरसाठी मी मूळ डेबियनच घेईन, कारण अडचण आली तर उत्तर शोधायला जग मोठे मिळते.

अ‍ॅन्सिबल दोन रूपांत मिळते हे माहीत असायला हवे. ‘अ‍ॅन्सिबल’ नावाच्या पूर्ण संचात मोठमोठ्या क्लाउड कंपन्यांसाठीचे असंख्य भाग असतात. तो उतरवताना सुमारे ५० एमबी लागतात आणि डिस्कवर तो कितीतरी पटींनी फुगतो. ‘अ‍ॅन्सिबल-कोअर’ हा गाभा अवघ्या दोन-तीन एमबीचा आहे. शाळेच्या सर्व्हरला फायली ठेवणे, सेवा चालू ठेवणे, खाती बनवणे एवढेच करायचे असते. त्याला गाभा आणि एक-दोन जोडभाग पुरतात. डोंगलच्या दिवसाच्या कोट्यातून डेटा खर्च होत असताना हा विचार आधी करावा.

जुन्या मार्गदर्शिका पाहून बसवणाऱ्याला पहिली ठेच पिपमध्ये, म्हणजे पायथनची पॅकेजे बसवणाऱ्या साधनात, लागते. डेबियन १२ पासून आणि उबुंटूच्या नव्या आवृत्त्यांत, यंत्राच्या मूळ पायथनमध्ये पिपने परस्पर काही बसवू दिले जात नाही. ‘ही व्यवस्था बाहेरून सांभाळली जाते’ अशा अर्थाचा संदेश येतो आणि काम थांबते. तो अडथळा जबरदस्तीने ओलांडण्याचा पर्याय असतो आणि घाईतली माणसे तो वापरतात. वापरू नये, पुढच्या सुधारणेत यंत्राचाच पायथन बिघडू शकतो. पिपएक्स वापरावे, किंवा सरळ डेबियनच्या स्वतःच्या भांडारातले पॅकेज घ्यावे. ते थोडे जुने असते, पण शाळेला नव्याची घाई नसते. दुसरी ठेच भांडाराच्या किल्ल्यांची. ‘ॲप्ट-की’ ही जुनी आज्ञा आता कालबाह्य आहे. प्रत्येक भांडाराची किल्ली वेगळ्या फाईलमध्ये ठेवून तिचा उल्लेख त्या भांडाराच्या नोंदीत करायचा, ही आजची रीत.

पॅकेजे एकदाच उतरवावीत आणि सगळ्यांनी वापरावीत. प्रयोगशाळेत दहा संगणक असतील तर त्यातल्या एकावर ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’ बसवावे. पहिल्या संगणकाने आणलेले पॅकेज बाकीचे नऊ तिथूनच घेतात. जिथे रेंज मुळीच नाही तिथे ‘ॲप्ट-ऑफलाइन’ने हव्या त्या पॅकेजांची यादी पेनड्राइव्हवर घ्यायची, शहापूरला किंवा आसनगावला येऊन ती उतरवायची आणि परत न्यायची. अ‍ॅन्सिबलचे जोडभागही असेच आधी उतरवून ठेवता येतात, आणि गिटचा संच तर पेनड्राइव्हवरूनही ओढता येतो. कसाऱ्याच्या लोकलने आलेला पेनड्राइव्ह कित्येकदा डोंगलपेक्षा जास्त मजकूर वाहून नेतो.

ज्यांना हे सगळे स्वतः जुळवायचे नाही त्यांच्यासाठी इंटरनेट-इन-अ-बॉक्स आहे. एका आज्ञेने ते बसू लागते. आत अ‍ॅन्सिबलच काम करत असते. एका साध्या फाईलमध्ये कोणती सेवा हवी, कोणती नको, ते लिहायचे. मध्येच रेंज गेली तर पुन्हा तीच आज्ञा द्यायची. जिथे थांबले तिथून ते पुढे सरकते. सोबत येणारा ठरलेला पासवर्ड मात्र पहिल्याच दिवशी बदलावा, कारण तो जगाला माहीत आहे. या सर्व्हरवर किविक्सच्या मदतीने संपूर्ण मराठी विकिपीडिया इंटरनेटशिवाय वाचता येतो आणि कोलिब्री बसवले तर खान अकादमीचे धडे मिळतात. कोलिब्रीला मराठी चेहराही आहे, आणि एका शाळेतला मजकूर दुसऱ्या शाळेत पेनड्राइव्हने नेता येतो. आश्रमशाळेच्या वसतिगृहात संध्याकाळी मुलांना पुस्तके उघडता येतील अशी ही सोय आहे. शहापूरला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे; त्याच्या आश्रमशाळांसाठी एकच मांडणी लिहून सगळीकडे चालवणे आज तांत्रिकदृष्ट्या अवघड राहिलेले नाही.

बाकीची हत्यारे का नकोत, तेही सांगायला हवे, कारण ती वाईट म्हणून मी बाजूला ठेवत नाही. पपेटचा प्रतिनिधी मध्यवर्ती सर्व्हर न मिळाल्यास आधीच्या आदेशांवर काम चालू ठेवतो. तुटक जोडणीसाठी हा उत्तम गुण. पण त्याचा मध्यवर्ती सर्व्हर जावावर चालतो आणि सुरुवातीलाच दोन जीबी मेमरी मागतो. शिवाय २०२२ साली पपेट परफोर्सकडे गेले. २०२५ पासून तयार पॅकेजे मुक्तपणे देणे थांबले, म्हणून वापरकर्त्यांच्या समुदायाने ओपनव्हॉक्स हा वेगळा फाटा काढला. शेफने २०१९ पासून तयार पॅकेजांवर परवान्याची अट घातली, २०२० साली ती कंपनी प्रोग्रेसने घेतली. मुक्त पर्याय हवा तर सिंक वापरावे लागते. सॉल्ट फार वेगवान आहे आणि मध्यवर्ती यंत्राशिवायही चालते. ते २०२० साली व्हीएमवेअरकडे आणि तिथून ब्रॉडकॉमकडे गेले. २०२४ अखेर त्याच्या पॅकेजांचा पत्ताच बदलला आणि जुन्या पत्त्यावर अवलंबून असलेल्या स्क्रिप्ट बंद पडल्या. सीएफइंजिन सर्वांत हलके, पण शिकायला कठीण आणि मराठी माणसाला विचारायला आजूबाजूला जाणकार नाही. अ‍ॅन्सिबलही २०१५ पासून रेड हॅटचे आणि २०१९ पासून त्यामुळे आयबीएमच्या घरातले आहे. तेव्हा उद्याची हमी तिथेही नाही. तरी त्याच्या फायली साध्या मजकुरासारख्या वाचता येतात आणि पुण्या-मुंबईत ते जाणणारी माणसे भरपूर आहेत. अ‍ॅन्सिबलचे विकत मिळणारे मोठे व्यासपीठ आणि त्याचे मोफत भावंड एडब्ल्यूएक्स यांच्या वाटेला मात्र जाऊ नये. एडब्ल्यूएक्सला आता कुबरनेटिस ही अवजड व्यवस्था लागते. दोन तालुक्यांसाठी तो भार अनाठायी आहे.

सुरक्षेकडे दुर्लक्ष करून यातले काही करू नये. ज्या संचातून सगळी यंत्रे आदेश ओढतात त्या संचात ज्याला लिहिता येते, तो सगळ्या यंत्रांचा मालक होतो. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत सॉल्टमधल्या एका दोषाचा फायदा घेऊन जगभरच्या उघड्या सर्व्हरांत घुसखोरी झाली. मध्यवर्ती यंत्राचे दार इंटरनेटकडे उघडे ठेवणे ही ते चालवणाऱ्यांची चूक होती. म्हणून संचात लिहिण्याचा अधिकार दोघा-तिघांनाच असावा, पासवर्ड अ‍ॅन्सिबल-व्हॉल्टने कुलूपबंद असावेत, आणि यंत्रांकडची किल्ली फक्त वाचण्यापुरती असावी. विद्यार्थ्यांची नावे, आधार क्रमांक, जातीचे दाखले या संचात कधीही येऊ नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले आहे आणि मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे.

राहिला माणसाचा प्रश्न, आणि तो तंत्रापेक्षा मोठा आहे. यंत्राने स्वतः विचारले तरी उत्तर लिहिणारा कुणी हवा. २०१४ साली पालघर वेगळे झाल्यावर ठाणे जिल्हा परिषदेकडे कल्याण, अंबरनाथ, भिवंडी, शहापूर आणि मुरबाड हे पाच तालुके उरले. पाच तालुक्यांसाठी एक लिखित मांडणी आणि ती सांभाळणारी दोन माणसे, एवढ्यावर हे काम चालू शकते. गावात मात्र प्रत्येक शालेय केंद्रात एक शिक्षक असा हवा, की ज्याला फेरी झाली की नाही हे पाहता येते, नवे यंत्र आल्यावर पहिली आज्ञा देता येते आणि घड्याळाची बॅटरी बदलता येते. हे शिकायला अभियंता व्हावे लागत नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीत ऐकायला मिळतात. शहापूर आणि मुरबाड दोन्हीकडे औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. तिथल्या मुलांना अशा मांडणीवर प्रत्यक्ष हात बसवता आला तर तालुक्याला माणसेही मिळतील आणि मुलांना कल्याणपलीकडची नोकरीही. शेजारच्या पट्ट्याने आयआयटीचे संशोधनही पाहिले आहे: आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने पालघरच्या गावांत दूरचित्रवाणीच्या रिकाम्या लहरींवरून इंटरनेट पोहोचवून दाखवले आणि २०१७ साली मोझिलाच्या स्पर्धेत त्याला पहिले पारितोषिक मिळाले. संशोधक आले, यशस्वी झाले; रोजची देखभाल मात्र स्थानिकांनीच करायची असते.

केंद्र सरकारने मार्च २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले, तेव्हा परवानगीची अडचण उरलेली नाही. अडचण निविदेच्या कागदात आहे. त्यात संगणक किती, प्रोसेसर कोणता, हमी किती वर्षांची, हे असते. यंत्राची मांडणी कुठे लिहिलेली आहे आणि ती कुणाकडे राहणार, हे नसते. म्हणून जिल्हा परिषदेला, प्रकल्प कार्यालयाला आणि शाळांना यंत्रे देणाऱ्या प्रत्येक दानशूर संस्थेला माझी विनंती आहे. पुढच्या खरेदीत एक अट घाला: बसवणाऱ्याने सर्व मांडणी अ‍ॅन्सिबलच्या फायलींत लिहून द्यावी, कोऱ्या यंत्रावर ती शाळेच्या शिक्षकासमोर चालवून दाखवावी, आणि त्या फायली शाळेच्या मालकीच्या असाव्यात. हे झाल्याशिवाय बिलावर सही करू नका.